अघनातला रोहू

कन्हानच्या पुलाखाली तिसऱ्या खांबाला
काळ्या आकड्यांची एक पट्टी ठोकलेली आहे.
ती वाचायची नोकरी मी अठ्ठावीस वर्षं केली.
सकाळी सहा, संध्याकाळी सहा.
पातळी, तापमान, आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा.
त्यात मी बहुतेक वेळा 'निरंक' लिहिलं.

उरकुडा नान्हे त्याच पट्टीखाली जाळं टाकायचा.
त्याचा हिशेब माझ्या रजिस्टराहून जुना.
आखाडात पाणी गढूळलं की मासा चढतो,
अंडी सोडतो, भादव्यात उतरतो,
दिवाळीनंतर उरते ती नुसती चिल्लर,
बोटाएवढी, मांजरीलाही कमी.
मग तो डोंगा पालथा घालतो
आणि कामठीत लग्नांचे मांडव बांधत फिरतो.

त्या वर्षी अघन अर्धा सरला होता.
पाण्यावर धुकं, इतकं
की टॉर्च मारूनही दोनाचा आकडा सापडेना.
धुक्यातून आवाज आला,
"साहेब, इकडे या बरं जरासे."
मी साहेब नव्हतो. पण गेलो.

डोंग्यात रोहू. चार किलोचा तरी.
पोट टच्च फुगलेलं.
उरकुड्यानं अंगठा अलगद दाबला
आणि तीन पिवळसर दाणे त्याच्या नखावर आले.

"अंडी हायेत," तो म्हणाला. "आता? अघनात?"
विचारत होता मला,
जणू माझ्याकडं कुठं नोंद असेल.

मी म्हणालो, वरून कोमट पाणी येत असेल कुठून.
मी म्हणालो, धरणाचं पाणी यंदा कार्तिकात सोडलं,
तिला वाटलं असेल पूर आला.
"वाटलं असन," तो म्हणाला.

माझ्या सासऱ्यांची काटोलला संत्र्याची बाग होती.
ते महिनाभर झाडांचं पाणी तोडत.
पानं मलूल होत, गळत,
मग एके दिवशी एकदम पाट सोडत
आणि झाड, घाबरून की आनंदून, फुलून येई.
"झाडाले फसवा लागते," ते म्हणत
आणि फसलेल्या झाडाखाली खाट टाकून झोपत.
एवढ्या वासात झोप कशी लागते, मला कळलं नाही.
धुक्यात उभं राहून ते आठवायचं तसं काही कारण नव्हतं.

"सोडू का?" उरकुड्यानं विचारलं.
थांबला.
"सोडली तं अंडी टाकन कुठं? थंड्या पान्यात पिल्लं जगत नायी."
मग, "अन् दहा वाजता पोरीची फी भरा लागते."
हे दुसरं वाक्य तो माशाकडं पाहून बोलला.

मी विकत घेतली. भाव केला नाही,
म्हणून तो थोडा नाराजच झाला.
पेपरात गुंडाळून कॅरिअरला बांधली.
रेल्वे फाटकापर्यंत ती शेपूट आपटत होती
पाठीमागं, थांबून थांबून,
जसं कोणी दार वाजवावं
आणि मग विचार बदलावा.

रात्री पार्बतानं अंडी जवसाच्या तेलात तळली,
वरून लसूण, तिखट.
चव उत्तम होती, खोटं कशाला बोलू.
एक भाकर जास्तच खाल्ली.
दाणे दाताखाली फुटत गेले
आणि तोंडात आखाडाचं गढूळ पाणी आलं,
मातीचा वास असलेलं,
रेटा देणारं.
"असे कायले चूप झाले?" पार्बता म्हणाली.
मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा.
पातळी दोन पूर्णांक चाळीस. तापमान एकोणीस.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: रोहू, अंडी.
मग वरच्या साहेबांना काय वाटेल म्हणून खोडलं,
इतकं खोडलं की कागद फाटला
आणि खालच्या पानावर,
अजून न आलेल्या महिन्यात,
शाईचा एक ठिपका उतरला.

पलीकडं धुक्यात लाकूड घासल्याचा आवाज.
उरकुडा डोंगा पुन्हा उताणा करत होता.