कुंभारीण

सहा वाजून दहा. हँगरचं दार
तिसऱ्या चाकापाशी नेहमीसारखं अडतं.
बिजासनच्या टेकडीवर अजून दिवा आहे.

मालव्याच्या रात्रीची लोक तारीफ करतात.
मला ती सकाळी पंखाच्या टाकीत सापडते,
थेंब होऊन.
अर्धी रिकामी टाकी रात्रभर श्वास घेते,
थंडी आत ओढते, पत्र्याला घाम फुटतो,
घाम तळाशी उतरतो.
म्हणून संध्याकाळीच काठोकाठ भरा, म्हणते मी,
आणि म्हणून क्लबचा हिशेबनीस माझ्याशी बोलत नाही.

काचेची नळी पंखाखाली धरून झडप वर दाबायची.
येतं ते निळं,
आई शाळेच्या शर्टाला घालायची त्या निळीच्या
शेवटच्या पाण्यासारखं.
तळाशी न फुटणारा बुडबुडा दिसला की ते पाणी.
हे कुणालाही दिसतं.

रेठरेकर सरांनी पहिल्याच आठवड्यात
कुठूनशी नळी भरून आणली. सांग, म्हणाले.
स्वच्छ आहे सर, एकही थेंब नाही.
वास घे.
वास नव्हता.
सगळंच पाणी असलं तर रेघ कुठून दिसणार गं,
रेघ दिसायला दोघं लागतात.

हे पुढे मला लग्नातही उपयोगी पडलं,
पण तो विषय वेगळा.

सर गेले त्याला चार वर्षं झाली.
त्यांचा टॉर्च माझ्याकडे असतो. बटण दोनदा दाबावं लागतं.

कागदावर हिचं नाव पाच अक्षरी, आम्ही म्हणतो धाकटी.
आज धाकटी देवासच्या केतकी झोकरकरला
पहिल्यांदा एकटीला वर नेणार.

झाकणांच्या रबरी कड्या नखानं दाबून पाहिल्या.
उजवीकडची चिरली होती, बदलली.
गाळणीची वाटी उतरवून जाळी उजेडासमोर धरली:
एक धागा. फडक्याचा. माझ्याच.
सांध्यांवर कुठे निळा डाग नाही.
(गळती सुकते, पण डाग ठेवून जाते,
तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात आहे.)
तार पिळली, घट्ट होण्याच्या दिशेनं,
टोक आत वळवलं, कुणाचं बोट कापायला नको.

मग डाव्या पंखाखालची श्वासनळी.
करंगळीएवढी.
टॉर्च. पुन्हा टॉर्च.
आत माती.

परवा सुट्टी होती. तेवढ्यात
कुंभारीण येऊन दार लिंपून गेली,
कडेला बोट फिरवलं तर खरखरसुद्धा लागेना.

इंधन खाली उतरेल तशी वरून हवा यायला हवी.
नाही आली, तर टाकी स्वतःलाच आत ओढू लागते
आणि यशवंतसागरावर कुठेतरी
भरल्या टाकीनिशी इंजिन गप्प होतं.

बंशीलाल म्हणाला, दीदी, या तो घर बणई री थी.

तार आत सारली. हळू.
खडा निघाला, तळहातावर दुभंगला:
चार बारके कोळी, मेलेले नव्हेत, नुसते निजवलेले,
आणि तांदळाच्या कणीएवढं अंडं.
तिनंही सगळं तपासूनच बंद केलं होतं.
सही तेवढी नव्हती.

खडा रुमालात घेऊन बाभळीच्या बेचक्यात ठेवला.
काही उपयोग नाही, ठाऊक आहे.

नळीला ओठ लावून फुंकलं.
वर झाकण उघडून बंशीलालनं कान दिला,
बोट वर केलं. येतेय.

वहीत लिहिलं: श्वासनळीत अडथळा. काढला. पुन्हा तपासली.
खाली नाव, रोजच्यापेक्षा सुवाच्य.

साडेसातला केतकी आली. वेणी घट्ट, ओठ कोरडे.
पंखाखाली वाकली, नळी भरली, आभाळासमोर धरली.
मग मी पाहत नाहीये असं समजून
पटकन वास घेतला.