कळंतर

मोन्तेविदेओत, पालेर्मो वस्तीतल्या एका तळघरात
एल्बिया बेंतांकोर रात्रीची एक बस
ढोलाच्या आवाजातून खरवडून काढतेय.

ढोलाचं नाव पियानो.
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशी त्याचं काही नातं नाही.
एक हात उघडा, एका हातात काठी,
आणि वाजवण्याआधी विल्मार ओकाम्पो
रद्दीच्या जाळावर धरून त्याचं कातडं चढवतो.

माइक दोन होते:
एक कातड्यापाशी, एक खाली, तळाच्या तोंडाशी.
खालच्यात बस शिरली, वळणावर गुरगुरत.
एल्बियाने तिथे फिल्टर लावला,
साठ हर्ट्झच्या खालचं सगळं कड्यासारखं तासलं.
बस गेली.
दोन्ही माइक एकत्र ऐकले, तर ढोलाचं पोटही गेलेलं;
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर कुणी बोटं आपटत होतं.

फिल्टर नुसता कापत नाही.
कापतो त्या कडेला लाटेला वळवतोही,
साठच्या आसपास चांगला अर्धा फेरा.
मग वरच्या माइकात लाट चढते तेव्हा खालच्यात उतरते,
दोघी भेटतात
आणि जवळजवळ उरतच नाहीत.

आमच्या शाळेच्या पुस्तकात फेजला कला म्हटलं होतं,
चंद्राची असते तीच.
दोन लाटांमधला फरक म्हणजे कलांतर.
जुन्या दस्तांत कळंतर म्हणजे व्याज.
एल्बियाने थोडी शांतता उसनी आणली होती,
व्याज मंद्रातून वळतं झालं.

तिने दुसरा फिल्टर आणला,
जो कुणालाच पुढेमागे करत नाही,
सगळ्या स्वरांना सारखंच ताटकळत ठेवतो.
पोट परत आलं. तिने विल्मारला बोलावलं.
तो टोपीसकट उभ्यानेच ऐकत राहिला.
‘माझा हात अजून वर आहे,’ म्हणाला,
‘मग हे कोण वाजवतंय?’

पडद्यावर तिने थाप ताणून ताणून मोठी केली.
होती.
थापेच्या आधी थापेची चाहूल,
केसाएवढी, उलट्या पावलांची.

हेही व्याजच. फक्त आगाऊ.

तिने दोन्ही फिल्टर काढून टाकले.
आता तिसऱ्या मिनिटाला बस वळते
आणि ढोल तिला वाट देत नाही.
विल्मारची तक्रार नाही.
म्हणतो, ती बस रोज उशिरा येते,
त्या रात्री तेवढी समेवर आली.