उत्तरेकडची भिंत

याकिमात सफरचंदं रात्रीही थांबत नाहीत.
पट्ट्यावरून येत राहतात, ओली, एकसारखी,
आणि माझा हात डोळ्यांच्या आधी ओळखतो
कुठलं आतून मऊ पडलंय.

पहाटे तीनला शिफ्ट सुटते.
साडेआठला कम्युनिटी कॉलेज, इमारत सात,
वेल्डिंगच्या वर्गाला लागून,
म्हणून आमच्या कागदांना जळक्या लोखंडाचा वास
आणि टेबलांवर कुणाकुणाच्या कटरचे जुने ओरखडे.

पहिल्या सत्राच्या फीसाठी ट्रक विकला.
आईला म्हटलं, आर्किटेक्चर शिकतेय.
घरं बांधणार?
आधी नुसती कागदावर.
ती हसली. तुझ्या बापाने कागदाशिवाय
तीन खोल्या उभ्या केल्या, म्हणाली,
आणि एकीचंही दार नीट लागत नाही.

ऑस्टगार्ड सरांनी तीस वर्षं
शाळांची स्वच्छतागृहं आखली.
हे ते पहिल्याच दिवशी सांगतात, मान वर करून.
मग म्हणतात, रेघ ओढताना श्वास धरू नका.
रेघेला कळतं.

पहिला गृहपाठ:
जिथे तुमचे सर्वांत जास्त तास जातात
ती जागा मोजून आणा.
एकोणीस वर्षांच्या किपने आपली गाडी आणली,
मागच्या सीटवरच्या उशीसकट.
कुणी हसलं नाही.

मी शेड मोजली, जेवणाच्या सुट्टीत,
टेपचं दुसरं टोक युफेमियाच्या बुटाखाली.
दोनशे दहा फूट बाय नव्वद.
दारं सहा, सगळी ट्रकांच्या मापाची.
माणसांसाठी एक, तिथे कार्ड दाखवायचं.
खिडक्या: शून्य.
ते शून्य मी फार सुबक काढलं.

सर बराच वेळ बघत राहिले.
एक खिडकी दे, म्हणाले. एकच. कुठे देशील?

आठ दिवस हेच डोक्यात.
दक्षिणेला दिली तर ऊन फळांवर.
पश्चिमेला, तर समोर दुसऱ्या शेडची पाठ.
पूर्वेला कॉम्प्रेसर.
उत्तरेला, शेवटी. खालची कड
जमिनीपासून चार फूट दोन इंच.
हे माप कुठून आणलं, सरांनी विचारलं.
युफेमिया आमच्यात सगळ्यात बुटकी, मी म्हटलं.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

सुपरवायझर ड्वेनचा प्रश्न वेगळा:
आणि थंडी बाहेर गेली की बिल कोण भरणार?
मला राग आला. मग वाटलं, खरंच, कोण?
त्या आठवड्यात मी काचेच्या तीन पदरांचा,
मधल्या हवेचा, लाकडी चौकटीचा हिशोब शिकले.
गणितात नेहमी काठावर पास होणारी मी
बसमध्ये दशांश सोडवत होते, थांबा हुकेपर्यंत.

वसंतात समुपदेशक बाईंनी यादी पुढे सरकवली.
डोंगरापलीकडचं विद्यापीठ घेईल मला,
पण नव्वदपैकी चौदा क्रेडिट तिकडे धरणार नाहीत.
त्या चौदांत रेखांकन एक होतं,
जिथे मी श्वास सोडायला शिकले.
बाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका.
मी घेतलं.

त्याच रात्री, सुट्टीत, खडूने
उत्तरेच्या पत्र्यावर चौकोन काढला,
तीन बाय चार, ओळंबा लावून.
कुणी काही बोललं नाही.
पण मान आखडली की युफेमिया आता तिकडे बघते.
मग तिच्या शेजारची. मग सगळी रांग.
तिसऱ्या रात्री आत कुणीतरी
विजेची तार काढली होती, तारेवर पक्षी,
जरासा कोंबडीसारखा.

ड्वेन आला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.
सोमवारी तपासणी आहे, म्हणाला,
त्याआधी धुवावं लागेल हे.

आज गुरुवार.