अकरावी फेरी

कॉन्स्टान्झच्या सरोवरावर नोव्हेंबरात धुकं उतरतं
ते मार्चपर्यंत मुक्कामाला असतं.
तळमजल्यावर आमचा फ्रीझर, उणे ऐंशी,
त्यात एका नळीत, एका थेंबात
शंभर लाख कोटी धागे.
सगळ्यांना अक्षरं चारच येतात
आणि तरी कुणाचा मजकूर कुणासारखा नाही.

हेडविग क्नॉर त्यांना लाडाने काही म्हणत नाही.
म्हणते : गाळ.
चौतीस वर्षं झाली.
हातमोजे दोन-दोन, श्वास बाजूला वळवलेला,
कारण आपल्या बोटांवर, थुंकीत
आरएनए खाणारं काहीतरी सतत उपाशी असतं.
“माणूस हीच पहिली घाण,” पहिल्याच दिवशी ती म्हणाली
आणि माझ्या कोपरांना स्पिरिट फासलं.

काम तसं तांदूळ निवडण्याचं,
फक्त खडा कुठला नि दाणा कुठला
हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.
प्रथिन सोडायचं. धागे सोडायचे.
प्रत्येक धागा स्वतःच्याच अंगावर दुमडतो,
कुणाची गाठ होते, कुणाचा फास, कुणाची नुसतीच गुंतवळ,
आणि लाखात एखादा
त्या प्रथिनाच्या खाचेत बसतो.
चपखल.
बाकीचे धुऊन टाकायचे.
उरलेल्यांच्या नकला काढायच्या, परत सोडायचे,
दर फेरीला पाणी जरा जास्त निष्ठुर.

प्रथिन कुठलं, तर डोळ्याच्या पडद्यामागे
नको तिथे रक्तवाहिन्या रुजवणारं.
पलीकडच्या काठावर, मेअर्सबुर्गला,
हेडविगची आई ओटिलिअ.
जन्मभर फास्नाख्टचे मुखवटे आणि झगे शिवले.
डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला :
मधल्या ठिपक्याकडे बघा, रेषा वाकतात का सांगा.
“रेषा नाही वाकत,” ती म्हणाली,
“कागदच उसवलाय.”

अकराव्या फेरीनंतर आम्ही जिंकलेल्यांची नावं वाचली.
घट्ट धरणारे होते, हेवा वाटावा इतके घट्ट.
फक्त त्यांनी प्रथिनाला धरलंच नव्हतं.
गाळणीला धरलं होतं.
सात महिने आम्ही मन लावून
गाळणीवर जीव असणारे धागे वाढवले.

त्यांचं काही चुकलं नाही.
कोण टिकतं एवढंच आम्ही विचारलं,
कशाला धरून, ते विचारायचं राहिलं.
हेडविगने काचसामान धुतलं, उपडं घातलं,
पाच चाळीसची फेरी बोट पकडली.

माझ्याकडे तेव्हा यीस्ट होतं.
एका जनुकाच्या तोंडाशी मी असाच एक धागा ओवला होता,
जुना, कुणीतरी कधीचा निवडून ठेवलेला.
यीस्ट हिरवं चमकायचं.
औषधाचा थेंब टाकला की धागा आवळून मिटायचा,
प्रथिनं घडवणारं यंत्र दारातच अडायचं,
आणि बशी हळूहळू काळवंडायची.
औषध धुतलं की सकाळी पुन्हा हिरवी.
तेवढंच. पण त्या रात्री मी तीनदा जिना उतरून
ती बशी पाहून आले.
जनुक कापलं नव्हतं, जाळलं नव्हतं,
फक्त कडी लावली होती, आणि कडी आतून निघत होती.

ओटिलिअला दर महिन्याला डोळ्यात सुई टोचतात.
औषध दुसऱ्या कुणाचं, दुसऱ्या जातीचं, बरं चाललंय.
आमचं निघालं तरी तिच्या वेळेवर निघणार नाही
हे हेडविगला माहीत आहे. ती ते बोलत नाही.
रविवारी मला घेऊन गेली.
म्हातारी खिडकीशी सुईत दोरा ओवत होती,
थुंकी लावून, पिळून, बोटाच्या शेंड्याने नेढं चाचपत.
चुकला. पुन्हा चुकला.
मी हात पुढे केला तेव्हा हेडविगने
टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

सोमवारी नवा थेंब, नवी नळी.
“आधी रिकाम्या गाळणीतून,” ती म्हणाली.
“जे तिथे चिकटतील, ते आत्ताच फेकून दे.”
मी श्वास बाजूला वळवला.