बहात्तर तास

आमच्या हापसालूच्या समुद्राला भरती येते बोटभर.
तरी सात वर्षं मी जगभरच्या भरतीचं गणित सांभाळतोय,
फुकट, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून.

वाल्दिवियाहून मिल्यारायने चौदा ओळी पाठवल्यात.
दोनदा तपासल्या. एका व्हेरिएबलचं नाव तेवढं
बदलायला लावलं.

नियम आम्हीच केलेला:
बहात्तर तासांत कुणी हरकत घेतली नाही
तर होकार.

एकाहत्तर झाले.
काल्यो गप्प आहे.
मार्चात त्याच्या दोनशे ओळींखाली मी लिहिलं होतं,
‘हे कशाला?’
एवढंच.
तेव्हापासून त्याचा सगळ्यालाच होकार आहे.

बटणावरचं बोट उचलतो.
त्यालाच लिहितो: तुला काय वाटतं?

पडद्यावर तीन ठिपके उमटतात,
ओसरतात,
पुन्हा
चढू लागतात.