छेदस्थानी

जानेवारी संपता संपता टपालाने तक्ता येतो.
राजधानीतल्या उबदार खोलीत बसून कोणीतरी जुळवलेला:
पडून किती, बुडून किती, भाजून किती,
घशात घास अडकून किती,
दर लाख माणसांमागे, दशांशचिन्हासकट.
एक पूर्णांक सात दशांश माणूस नेमका कसा मरतो
याचा विचार करत एकदा मी डबा थंड करून टाकला.

अकिताच्या या खोऱ्यात लाख माणसं नाहीत.
तीन हजार दोनशे अकरा होती.
परवा त्सुरुको आजी झोपेत गेल्या,
आता दहा.

माझं काम एवढंच:
पहाटे साडेसहाला कचेरीच्या भोंग्यावरून सांगायचं,
रात्रीत बासष्ट सेंटिमीटर बर्फ.
एकट्याने छपरावर चढू नका. दोर बांधा. हेल्मेट घाला.
माझा आवाज डोंगरावर आपटून परत येतो
आणि क्षणभर उशिराने मलाच दटावतो.

आज माइक बंद केला, खिडकीतून पाहिलं तर
तोकुझो कुमागाई, वय एक्याऐंशी, शिडी लावतायत.
दोर नाही.
डोक्यावर बायकोने विणलेली टोपी, गोंड्याची.

शाळेत शिकलो होतो, वर अंश, खाली छेद,
मध्ये रेघ.
ती रेघ छपरासारखी दिसते हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.
छपरावर एक म्हातारा,
छपराखाली आम्ही तीन हजार दोनशे दहा,
त्यात तोही.

मी धावत गेले. तक्ता हातातच राहिला, मूर्खासारखा.
"आजोबा, छपरावरून पडून मरतात ना,
त्यात निम्म्याहून जास्त तुमच्या वयाचे पुरुष!"
फावडं थांबलं नाही.
"आणि छप्पर अंगावर पडून?
न काढलेल्या बर्फाखाली? त्याचा रकाना आहे का बघ."

पाहिला. आहे.
आमच्या गावापुरता तो दरवर्षी शून्य असतो
कारण हे म्हातारे वर चढतात.
हे तक्त्यात लिहिलेलं नाही.

"एकदा पडलोय मी," वरून आवाज आला,
"पोरगा पोटात होता तेव्हाच्या हिवाळ्यात.
कमरेपर्यंत रुतलो, गाजरासारखा.
मित्सुएने उपटलं. तेवढ्या पोटानिशी."
काळ आला होता, वेळ आली नव्हती.
अशांना रकाना नाही.
असता तर तक्ता या खोऱ्यात मावला नसता.

साडेनऊला ते उतरले. पाय थरथरत होते, बाकी धड.
मी श्वास सोडला. तेवढ्यात आतून मित्सुए आजी:
"पाणी काढलंय हो, कढत!"

तक्त्यात छपराच्या दोन ओळी खाली एक ओळ आहे:
स्वतःच्या घरी, न्हाणीच्या टबात.
तिच्यापुढे छपराचा आकडा म्हणजे पोर.
गारठलेला माणूस कढत पाण्यात उतरतो,
रक्त वाट चुकतं, डोळा लागतो,
आणि गुडघाभर पाण्यात
समुद्रात बुडावा तसा बुडतो.

"आजी, जरा कोमट..."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच अजून रांगतेय.
"सत्तावन्न वर्षं मीच तापवतेय."
दार सरकलं.

मी गेले नाही.
न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिले, बुटात बर्फ.
आतून पाण्याचा एक चुबुक आवाज.
खोकला.
मग काहीच नाही.
मी मोजत होते. कुठल्या आकड्यापर्यंत मोजायचं
हे मला कोणी शिकवलेलं नाही.
एकशे चाळीसला आतून विचारणा झाली,
"ती कचेरीतली पोर गेली का गं?"
"नाही, भिंतीला चिकटलीय."
"तिला चहा दे."

मग बूच काढलं असावं.
नळीतून पाणी आलं, वाफाळत,
बर्फात बोटभर खोल वाट कोरत
माझ्या बुटांपाशी येऊन थबकलं,
आणि वळसा घालून पुढे गेलं.