सोळा पानं

जुना दिग्दर्शक सोडून गेला,
‘उलटनदी’चा सिनेमा आता कुणी शलाका मुरदंडे करणार,
ही बातमी लक्ष्मीपुरीत माझ्या दुकानात
खळ उकळायच्या आधी पोचली.

जुबेर मुजावर गाडी बंद न करताच ओरडला,
‘जिनगोंडा मामा, वाट लागली!
एक भुताचा पिच्चर केलाय तिनं, त्यात भूतच दिसत न्हाई,
आणि हिच्या हातात आपली ओवरी?’
‘आपली’ म्हणताना त्यानं छातीवर हात ठेवला,
फायनल हरल्यावर तालमीची पोरं ठेवतात तसा.

खराडे बाई, भूगोलाच्या, निवृत्त,
त्यांना काळजी ढोकरीची.
आंधळी ढोकरी, बुडालेल्यांची नावं मोजणारी.
‘डोळे देतील बघा तिला. मोठे, पाणीदार.
आणि गाणं म्हणायला लावतील.’

गंगावेशीत धारोष्ण दुधाचे पेले हातात धरून
दोघं भांडले म्हणे:
उलटी वाहणारी नदी घाटावरून दाखवायची
की नावेतून?
एकाचा पेला सांडला.
म्हशीनं तेवढी मान वळवली.

आणि सगळ्यांचं शेवटी एकच:
‘इचलकरंजीची हाय म्हणं.’
जसं तिथं पुस्तकं पोचतच नाहीत,
नुसतं सूत पोचतं.

मी बोललो नाही.
मी बाइंडर. चाळीस वर्षं
पुस्तकं पाठीवरून ओळखतो.
‘उलटनदी’ आपोआप कुठं उघडते, मला विचारा:
पान दोनशे बारा,
ओवरी वल्हं पाण्यात सोडून देते तिथं.
तिथं बोटांचं तेल, चहा,
एका प्रतीत तांबड्या रश्श्याचा थेंब,
जेवताना वाचू नये असं बजावणाऱ्या
कुठल्यातरी घरातला.

गुरुवारी एक बाई आली.
तिशीची, कापडी पिशवी,
पिशवीत वाचनालयानं रद्द केलेली प्रत.
‘पाठ सुटलीय. शिवून द्याल?’
पावतीसाठी नाव विचारलं. तिनं सांगितलं.
पेन जरा थांबलं, मग चाललं.

शिवण माझीच.
तीनपदरी दोरा, शेवटची गाठ डावीकडं,
वडील ओरडायचे त्या गाठीवरून.

मागून उघडलं,
आणि शेवटचा फॉर्मा नाही.
सोळा पानं.
फाटलेली नव्हेत. शिवलीच नव्हती कधी.
आई तेव्हा सीपीआरला होती,
मी रात्री येऊन चाळीस-चाळीस पुस्तकं शिवायचो,
मोजायचं कुणी?

‘पुढची पानं?’ मी विचारलं, चोरासारखं.
‘ह्यात नव्हतीच. ओवरी सातव्या दाराशी नाव लावते. बास.
मी बारा वर्षांची. मला वाटलं, असंच असतं,
दार तुम्ही उघडायचं.
रात्रपाळीला माग खडखडायचे,
त्या आवाजात रोज वेगळं उघडायची.
एकदा ढोकरीला दिसायला लागलं.
एकदा दारामागं आमचंच घर निघालं.’

‘खरा शेवट वाचला न्हाई?’
‘कॉलेजात नवी प्रत आणली होती.
दोन दिवस उशाशी ठेवली. परत दिली.’
मग खिडकीबाहेर बघत,
‘आता वाचावा लागणार. सही केलीय.’

वरच्या फळीवर सुट्या फॉर्म्यांचा गठ्ठा आहे.
कसर लागलेला, सुतळीनं बांधलेला.
त्यात ती सोळा पानं असणार,
कारण मी काही टाकत नाही.
मी फळीकडं बघितलं.
तिनं मी कुठं बघतोय ते बघितलं.
‘आहे तेवढंच शिवा,’ म्हणाली. ‘सध्या.’

शिवलं.
पाठीत जरा जागा सोडून,
सोळा पानं मावतील एवढी.

ती गेली आणि जुबेर आला.
‘कोण वो मामा?’
‘गिऱ्हाईक.’
‘बरं, तुमास्नी काय वाटतंय? वाट लावणार न्हवं ती?’

मी खळीत बोट घालून बघितलं.
अजून कोमट होती.